पेपरातली पाणीपातळी बघून सायकलचा रस्ता

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला एकदा मोबाईलमधल्या नकाशानं मला थेट पाण्यात नेलं. ऑक्टोबर होता, धरण काठोकाठ. हुक्केरीकडून एक आडरस्ता धरलेला आणि स्क्रीनवरची रेघ अजून तीन किलोमीटर सरळ पुढं जात होती. एक वळण घेतलं तर समोर डांबर पाण्यात शिरत होतं. कडेचा दगड गळ्यापर्यंत बुडालेला, त्याच्या पलीकडं रस्त्याच्या मधोमध एक म्हैस निवांत बसलेली. काठावर शेळ्या राखणारा म्हातारा मला बघून ओरडला, "मुंद नीर ऐती!" पुढं पाणी आहे. मी म्हटलं, दिसलं बाबा.

जुना रस्ता धरणात गेला, नकाशात तसाच राहिला. मेमध्ये पाणी उतरल्यावर मुद्दाम तिथं परत गेलो. म्हैस बसली होती तिथून पुढं एक मोरी होती, मोरीवर वाळलेल्या चिखलाचा थर, आणि रस्ता आणखी खाली पाण्याकडं गेलेला. हिडकलमध्ये असं बरंच काही बुडालंय. हुन्नूरचं विठ्ठल मंदिरसुद्धा उन्हाळ्यात पाणी कमी झालं की वर येतं, तेव्हा लोक दर्शनाला जातात. तेव्हापासून मी आधी पाणी बघतो आणि मग रस्ता.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो, रविवारी सायकल चालवतो. पुण्या-मुंबईची मंडळी गोव्याला जाताना गाडीच्या मागं सायकली बांधून येतात, बेळगावात एखादा दिवस थांबतात, आणि सकाळी उठून हायवेनं कित्तूरकडं चाळीस किलोमीटर जाऊन येतात. ट्रकच्या वाऱ्यात. शहराच्या पश्चिमेला वीस किलोमीटरवर तळी, धरणं, भातखाचरं, खिंडी सगळं पडलंय आणि हे लोक दुभाजक बघत फिरतात. माझा भाचा त्यातलाच. त्याच्या सायकलला पेडलमध्ये ताकद मोजायचं यंत्र आहे, पण रस्ता कुठला घ्यायचा ते मामाला विचारतो. त्याला सांगितलं तेच इथं लिहितोय.

सगळ्यात आधी पाणी कुठून कुठं वाहतं ते डोक्यात बसवा. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला आहे. मार्कंडेय, ताम्रपर्णी, घटप्रभा, मलप्रभा या सगळ्या नद्या त्या कड्यापासून जवळच उगवतात आणि कोकणात न उतरता पूर्वेकडं निघतात. दोन नद्यांच्या मधे डोंगराची एक सोंड असते. नदीच्या कडेनं जाणारा रस्ता सौम्य असतो, आणि एका नदीच्या खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणारा रस्ता मधली खिंड चढतो. एवढं कळलं की अर्धं काम झालं. एका नदीनं वर जायचं, एक खिंड ओलांडायची आणि दुसऱ्या नदीनं खाली यायचं. असा फेरा कधी फसत नाही. उलट खिंडीमागून खिंडी ओलांडत गेलात, म्हणजे उत्तर-दक्षिण, तर दिवसभर चढ-उतारच. चंदगड तालुक्यात उत्तर-दक्षिण चाळीस किलोमीटर म्हणजे दुपारी मांड्यांत गोळे.

आता पाणीपातळी. बेळगावचे मराठी पेपर पावसाळ्यात धरणांची पातळी फुटांत छापतात. लोक ते प्यायच्या पाण्यासाठी वाचतात, मी चढासाठी वाचतो. राकसकोप भरलं की २४७५ फूट. हिडकल भरलं की २१७५. सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ २०७९.५. हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत, धरणाच्या तळापासूनचे नाहीत. बेळगाव शहर साधारण अडीच हजार फुटांवर. म्हणजे राकसकोप आपल्याच उंचीवर आहे, तिथं जाताना मधे कितीही चढ-उतार लागले तरी शेवटी हिशेब बरोबरीत. हिडकल मात्र तीनशे फूट खाली. जाताना मजा वाटते, सरासरी वेग बघून माणूस फुशारतो आणि दुपारच्या उन्हात परतताना ते तीनशे फूट वसूल होतात. खाली दांडेलीकडं काळी नदीवरचं सुपा धरण मीटरमध्ये सांगतात, भरलं की ५६४. फुटांत साडेअठराशे. बेळगावहून तिकडं एका दिवसात जाऊन परत यायचा बेत कुणी केला तर हा आकडा त्याला आधी दाखवा.

पेपर नसेल तर रेल्वे स्टेशनची पाटी बघा. प्रत्येक पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. बेळगाव, खानापूर, लोंढा, तिन्ही पाट्यांचे फोटो काढून ठेवले तर अख्ख्या रेल्वेलाईनच्या बाजूचा उतार कळतो. फुकटात.

पण दोन टोकांची उंची सारखी आहे म्हणून फसू नका. मलप्रभा चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगवते, उंची सुमारे ७९० मीटर. बेळगावपेक्षा थोडीच जास्त. भाचा म्हणाला, "मामा, पन्नास किलोमीटरमध्ये तीस-चाळीस मीटर चढ? हे तर सपाट आहे." मी काही बोललो नाही. वाटेत जांबोटीच्या पुढं त्यानंच गप्प होऊन पाण्याची बाटली काढली. मधे किती ओढे आहेत ते त्यानं मोजलंच नव्हतं. प्रत्येक ओढ्याला रस्ता खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि परत तेवढाच वर चढतो. नकाशात निळ्या रेघा रस्त्याला किती वेळा छेदतात ते मोजा. या भागात चढाचा खरा हिशेब पुलांवरून लागतो.

चढ किती तीव्र ते बघायला सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे घ्या, त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. १:५०,००० च्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि दोन तपकिरी समोच्च रेषांमधे (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंची. आता माझ्या धंद्याची भाषा. लेथवर मोर्स टेपर, म्हणजे हत्यार बसवायचा निमुळता भाग, असतो तो साधारण २० ला १, वीस लांबीला एक जाडी कमी. तेवढाच रस्त्याचा चढ म्हणजे पाच टक्के, दोन सेंटिमीटरमध्ये अडीच रेषा. हा चढ बसल्या जागी, बोलत बोलत चढता येतो. त्याच दोन सेंटिमीटरमध्ये पाच रेषा आल्या तर १० ला १, दहा टक्के. मग खोगीर सोडून उभं राहावं लागतं. सहा-सात रेषा एकमेकींना चिकटल्या असतील आणि रस्ता त्यांना आडवा कापत असेल तर तो रस्ता दुसऱ्या कुणाला द्या. रस्ता रेषांच्या जोडीनं, त्यांना न कापता तळ्याच्या कडेनं वळसे घेत जात असेल तर डोळे झाकून घ्या. तोच तो रस्ता, ज्याच्यासाठी लोक गाडीला सायकल बांधून येतात.

धरणाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. भिंत कायम दरी जिथं अरुंद होते तिथं बांधतात. म्हणजे तुम्ही खालच्या अंगानं आलात तर शेवटच्या किलोमीटरला भिंतीएवढा चढ ठरलेला. सुप्याची भिंत १०१ मीटर आहे, विचार करा. त्यापेक्षा वरच्या अंगानं, बॅकवॉटरच्या टोकाकडून शिरा. पाणी आधी एखाद्या ओढ्यासारखं दिसतं, मग हळूहळू पसरत जातं. चढही वाचतो आणि दृश्यही उलगडत येतं.

मैलाच्या दगडांचा रंग बघायची सवय लावा. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवं म्हणजे राज्य मार्ग, तिथं गोव्याच्या गाड्या असणार. काळं डोकं जिल्हा रस्त्याचं, ते चालेल. केशरी दिसलं की वळा, तो ग्राम सडक योजनेतला रस्ता. अरुंद असतो, बहुतेक वेळा डांबर बरं असतं, आणि दिवसाला एक बस, चार दुचाक्या आणि एक दुधाचा टेंपो एवढीच वाहतूक. अडचण एकच, तो गावात जाऊन संपतो की पलीकडं निघतो ते दगड सांगत नाही.

ते माणसं सांगतात, पण विचारायची रीत आहे. "रस्ता चांगला आहे का?" असं विचारलं तर आमच्याकडं नाही म्हणायची पद्धत नाही. "व्हय की, एक नंबर हाय!" मोटरसायकलवाल्याला खड्डा खड्डा वाटत नाही. त्यापेक्षा विचारा, दुधाची गाडी पलीकडच्या गावाला इकडूनच जाते का? जात असेल तर रस्ता पलीकडं निघतो आणि पावसातही चालू असतो, कारण दूध थांबत नाही. दुसरा प्रश्न, एसटी इथं मुक्कामी असते का? मुक्कामी गाडी म्हणजे बहुधा रस्ता तिथंच संपतो, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथंच झोपतात आणि सकाळी त्याच वाटेनं परत. तिसरा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला, आणि तो चहाच्या टपरीवर बसून: बैलगाडी असताना बाजाराला कुठनं जायचा? बैलगाडीची वाट कधी उगाच चढत नाही. हिडकल-हुक्केरीच्या बाजूला मराठी कमी चालते, तिथं "रोड चलो ऐतेन्री?" (रस्ता बरा आहे का?) एवढं कन्नडमध्ये म्हटलं तरी माणूस खूश होतो आणि पुढचं सगळं हातवाऱ्यांनी समजतं.

नावांचा घोळ मात्र लक्षात ठेवा. आम्ही राकसकोप म्हणतो, पाटीवर कन्नडमध्ये रक्कसकोप्प असतं, आणि मोबाईलमध्ये कुठलं स्पेलिंग असेल ते तिसरंच. एका नावानं गाव सापडलं नाही म्हणून ते नाही असं समजू नका. धरणाचं नाव टाकून शोधा, मग बोटानं सरकत जा. उपग्रहाचं चित्रही बघा. तळ्याभोवती लाल मातीचा रुंद पट्टा दिसला तर ते चित्र उन्हाळ्यातलं, पाणी त्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत येतं. तुमचा रस्ता त्या पट्ट्यातून जात असेल तर वरची म्हैस आठवा.

आता एक फेरा सांगतो, पाहुण्यांना मी पहिला हाच देतो. साधारण चाळीस किलोमीटर. सकाळी सहा-साडेसहाला गणेशपूरवरून निघायचं, बेनकनहळ्ळी, मग बेळगुंदी. शहर मागं पडतं तसं रताळ्याची शेतं सुरू होतात. लाल मातीचे वरंबे आणि त्यावर पसरलेले वेल, दिवाळीच्या आसपास काढणी चालू असली तर कडेला पोत्यांची रास. बेळगुंदीच्या पुढं झाडी वाढते, दोन चढ लागतात, दोन्ही मोर्स टेपरच्या आतबाहेर. आणि मग उजेड बदलतो. पाणी दिसायच्या आधी झाडांच्या मागून ते पांढरं चमकायला लागतं. हे राकसकोप, मार्कंडेय नदी अडवून केलेलं, बेळगावच्या नळाला हेही पाणी येतं. म्हणून भिंतीवर, गेटच्या आत जायचा हट्ट करू नका, राखणदार असतात आणि त्यांचं बरोबर आहे. रस्त्यावरूनच भरपूर दिसतं.

तिथून तुडये. मधेच कुठंतरी तुम्ही कर्नाटकातून महाराष्ट्रात आलात, पण कमान नाही, चौकी नाही. कळतं ते दोन गोष्टींनी. उभ्या असलेल्या दुचाक्यांच्या पाट्या केए २२ च्या एमएच ०९ होतात, आणि चाकाखालचा आवाज बदलतो. एका राज्याचं डांबर एका तारखेला झालेलं, दुसऱ्याचं दुसऱ्या. मधे हातभर सांधा राहतो, तो कुणाचाच नाही, म्हणून त्यात खड्डा. हाताची पकड घट्ट करून तेवढा पार करा. सीमाप्रश्नाचं बाकी काय व्हायचं ते होवो, त्या सांध्यात माझे दोन ट्यूब गेलेत.

तुडयेतून वेंगुर्ला रोडकडं उतरायचं, आणि बाची, उचगाव फाटा, सुळगा, हिंडलगा करत घरी. हा शेवटचा भाग वर्दळीचा आहे, तो नऊच्या आत उरकायचा. पाय शिल्लक असतील तर शिनोळीहून देवरवाडीकडं वळा, वैजनाथाचं जुनं देऊळ आहे, आणि त्याच्या वर महिपाळगड. किल्ल्याच्या आतच गाव वसलंय. वर जाणारा चढ १० ला १ च्या घरातला, मी दोनदा उतरून ढकललीय आणि सांगायला लाज वाटत नाही.

एका दिवसापेक्षा जास्त वेळ असेल तर मुक्काम चंदगडला करा. त्या तालुक्यात जंगमहट्टी, फाटकवाडी, जांबरे, किटवाड अशी मध्यम-लहान धरणं विखुरलेली आहेत. नकाशात हे निळे ठिपके एका पानावर मावतात, मग एका नदीनं वर आणि दुसरीनं खाली हा नियम लावून स्वतःच फेरा आखा. काजूच्या बागा, मार्च-एप्रिलमध्ये बोंडांचा आंबट वास. तिलारीनगरपर्यंतही जा, कड्यावरून खाली कोकण दिसतं. तिथून पुढं तिलारीचा घाट उतरू नका. मला ब्रेक समजतात, ब्रेकचे भाग मी स्वतः कापतो, तरी मी तो रिम ब्रेकच्या सायकलवर उतरत नाही. उतार तीव्र, वळणं आवळलेली, आणि चारचाकीवाले मधला रस्ता धरून येतात.

कणकुंबीचा रस्ता सुंदर आहे, पण गोव्याला जाणाऱ्या गाड्यांचा. शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी, सप्टेंबरच्या शेवटी, सकाळी आठला जांबोटी ओलांडली असेल तर त्यासारखं दुसरं नाही. चोर्ल्याच्या पुढं गोव्याकडं उतरायचं तर खाली गाडी बोलावलेली असू द्या, नाहीतर परतीचा घाट जेवणानंतर चढावा लागेल.

वेळेचं आणि ऋतूचं थोडक्यात. जुलैत वारा पश्चिमेचा आणि जोरात, त्यामुळं जाताना त्रास, येताना ढकलतो. त्याच महिन्यात भातलावणीसाठी चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर एका खाचरातून दुसऱ्यात जातात आणि रस्त्यावर लाल चिखल टाकतात, वळणावर तो साबणासारखा. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत सगळ्यात चांगलं, तळी भरलेली आणि पाऊस सरलेला. त्यानंतर ऊस. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर गेला की मागचा ऊस सरकतो, त्याच्या मागं चिकटून चालवू नका. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, शहरात मिरवणुका, बंदोबस्त, आणि सीमेपलीकडच्या बसचा भरवसा नसतो, त्या दिवशी लांबचा बेत नको.

जंगलाच्या पट्ट्यात उजाडल्याशिवाय शिरू नका. चंदगड आणि खानापूर दोन्हीकडं गवे आहेत, तिलारीच्या बाजूला हत्तीही फिरतात. गवा रस्त्यात उभा असेल तर घंटी वाजवायची नाही. थांबायचं, लांब राहायचं, तो त्याच्या वेळेनं जातो. मी एकदा पंचवीस मिनिटं थांबलोय, जांबोटीच्या अलीकडं. माझ्या मागं दुधाचा टेंपोही येऊन थांबला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि माझ्या सायकलकडं बघून विचारलं, "कितीला घेतलासा?" मी खरा आकडा सांगितला नाही.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचा घाला. पश्चिमेला काटे फारसे नाहीत, खडी आणि चिखल. हिडकलकडं मात्र बाभळीचे काटे आणि सराटे. सराटा टायरमध्ये शिरला तर तिथल्या तिथं उपटू नका, आधी सावली बघा, मग बसून काढा. नवा ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, दुसरा सराटा असतोच.